एसी ऑटोमेशनला जोडताना: तारा, नियम आणि हातातला रिमोट



मी वडोदऱ्याहून बोलते आहे. घरांमधली विजेची कामं करणं आणि ऑटोमेशन बसवणं हा माझा व्यवसाय. कामाच्या निमित्तानं सुरत, अहमदाबाद, इंदूर असं फिरणं होतं. ही मालिका बघणारे तुम्ही कोणी बंगळुरूला असाल, कोणी हैदराबादला, कोणी गुरुग्रामला, कोणी मडगावला. उकाडा सगळीकडे आहे, फक्त त्याची तऱ्हा वेगळी. म्हणून आजचा विषय सगळ्यांच्या कामाचा आहे: घरात ऑटोमेशन आहे किंवा करायचं आहे, तर एसी त्याला कसा जोडायचा?

मला लोक विचारतात ते असं. "ताई, दिवे झाले, पंखे झाले, पडदे झाले. आता तेवढा एसी घ्या त्यात." त्या 'तेवढा'मध्येच सगळी गोम आहे. दिव्याला दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. वीज दिली की लागला, काढली की विझला. एसीचं तसं नाही. त्याच्या आत स्वतःचा मेंदू आहे. तापमान किती, मोड कुठला, पंख्याचा वेग किती, पाती कुठे वळलेली, कॉम्प्रेसर किती वेळापूर्वी थांबला, हे सगळं तो लक्षात ठेवतो. आपल्याला त्या मेंदूशी बोलायचं आहे. त्याची मान पिरगाळायची नाही.

मान पिरगाळणं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण ही गोष्ट मला अर्ध्या घरांत दिसते. बाजारात सोळा अँपिअरचा स्मार्ट प्लग मिळतो. लोक एसीची पिन त्यात लावतात आणि मोबाइलवरून प्लग बंद करून एसी बंद करतात. दीड टनाचा एसी चालताना साधारण सात अँपिअर घेतो, त्यामुळे कागदावर प्लग पुरतो. पण जुन्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरला सुरू होतानाचा झटका याच्या कितीतरी पट असतो. प्लगमधला छोटा रिले तो झटका रोज सोसत राहतो आणि एक दिवस चिकटून बसतो. मग मोबाइलवर 'बंद' दिसतं आणि एसी चालूच.

दुसरं कारण एसीच्या बाजूचं आहे. रिमोटनं बंद केलं की एसी आपला कारभार आवरतो. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर हळू करतो, गॅसची झडप जागेवर आणतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला साधारण तीन मिनिटं लागतात, तोवर तो पुन्हा सुरू करायचा नसतो. मध्येच वीज खेचली, लगेच परत दिली, असं रोज केलं तर भार त्या यंत्रावर पडतो. म्हणून पहिला नियम पाठ करा: एसीची वीज तोडून एसी बंद करायचा नाही. प्लग किंवा मीटर लावायचाच असेल तर तो मोजायला लावा. डीबीमध्ये एसीच्या तारेभोवती बसणारा करंट मोजणारा क्लॅम्प मिळतो, तो उत्तम. त्याचा उपयोग पुढे सांगते.

आता एसीशी बोलायचे रस्ते किती? माझ्या हिशेबात चार.

पहिला रस्ता इन्फ्रारेडचा. आपला रिमोट जो अदृश्य प्रकाश फेकतो, तोच फेकणारी छोटी डबी मिळते. हजार-दोन हजारांत काम होतं. एसी जुना असो, विंडो असो, कुठल्याही कंपनीचा असो, बहुतेक वेळा चालतं. यात एक गंमत समजून घ्या. टीव्हीचा रिमोट एका वेळी एक बटण पाठवतो: आवाज वाढव, चॅनेल बदल. स्प्लिट एसीचा रिमोट बहुधा तसं करत नाही. तुम्ही फक्त तापमान एक अंशानं वाढवलंत तरी तो सगळी कुंडली पुन्हा पाठवतो: चालू, कूल मोड, पंचवीस अंश, पंखा मध्यम, पाती हलती. त्यामुळे डबीला 'एक अंश वाढव' असं शिकवून भागत नाही. तिला त्या कंपनीची पूर्ण लिपी यावी लागते. चांगल्या डब्यांमध्ये ती आधीच भरलेली असते. स्वस्त डबीला एकेक बटण शिकवत बसलात तर तुमच्या हाती पाच-सहा ठरावीक आज्ञा येतील, त्यापलीकडे काही नाही.

या रस्त्याची खरी उणीव वेगळी आहे. तो एकतर्फी आहे. डबी बोलते, एसी ऐकतो, पण उलट उत्तर देत नाही. मध्ये कोणी पडदा ओढला, कपाटाचं दार उघडं राहिलं, तर आज्ञा पोचत नाही आणि तुमच्या अ‍ॅपला ते कळतही नाही. घरातल्या कोणी मूळ रिमोटनं बंद केला, तरी अ‍ॅप म्हणत राहतं 'चालू'. काही विंडो एसींमध्ये तर चालू आणि बंद यांसाठी एकच संकेत असतो. तिथे समज उलटी झाली की दुपारी बंद करायला गेलं की चालू होतो. इथे तो करंटचा क्लॅम्प कामी येतो. वीज खरंच ओढली जाते आहे का ते मोजा आणि अ‍ॅपला खरं काय ते सांगा. डबी आणि क्लॅम्प ही जोडी भाड्याच्या घरासाठी मला सगळ्यात व्यवहारी वाटते. घर सोडताना काढून नेता येते, घरमालकाची भिंतही फुटत नाही.

दुसरा रस्ता कंपनीच्या वाय-फायचा. आता बरेच एसी आतच वाय-फाय घेऊन येतात, नाहीतर वरून बसवायचं मॉड्यूल मिळतं. हा दुतर्फी असतो. एसी स्वतः सांगतो मी चालू आहे, तापमान इतकं आहे, अमुक बिघाड आहे. पण हे बोलणं बहुतेक वेळा तुमच्या घरातून बाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येतं. घरचं इंटरनेट गेलं की बोलणं बंद. आणि सर्व्हर कंपनीच्या मर्जीवर चालतो. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची ऑटोमेशनची जुनी कंपनी होती. एप्रिल २०२२मध्ये तिचे सर्व्हर एकाएकी बंद पडले, ग्राहकांना आगाऊ सूचनासुद्धा नव्हती. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन पुन्हा उभी केली, पण मधल्या काळात लोकांच्या घरांतली अ‍ॅप मुकी झाली होती. दिवा एक वेळ हातानं लावता येईल. एसीची सोय केवळ अ‍ॅपवर ठेवली असेल तर मे महिन्यात काय होईल त्याचा विचार करा.

म्हणून वाय-फायचा एसी घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा: याला घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय, आज्ञा देता येते का? 'मॅटर' नावाचं एक सामाईक मानक आहे. त्यावर चालणारी उपकरणं कंपनी कुठलीही असली तरी घरातल्या नेटवर्कवर एकमेकांशी बोलतात. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या त्याच्या १.२ आवृत्तीत खोलीच्या एसीचा समावेश झाला. खोक्यावर ते चिन्ह असेल तर चांगलं. नसेल तर निदान तो एसी 'होम असिस्टंट'सारख्या खुल्या प्रणालीला कसा जोडला जातो, घरातून की सर्व्हरवरून, एवढं विकत घेण्याआधी पाहून ठेवा.

तिसरा रस्ता एसीच्या अंगातून जातो. काही कंपन्यांच्या इनडोअर युनिटच्या बोर्डवर एक छोटा सॉकेट असतो. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या बऱ्याच युनिट्समध्ये त्याला सीएन १०५ म्हणतात, डायकिनच्या बऱ्याच युनिट्समध्ये एस २१. तिथे छोटं मॉड्यूल जोडलं की ते थेट एसीच्या मेंदूशी बोलतं. दुतर्फी, घरातल्या घरात, सर्व्हरची भानगड नाही. पण यासाठी एसी उघडावा लागतो, आत २३० व्होल्ट असतात आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. ज्याला इलेक्ट्रॉनिक्सचं काम येतं त्यानंच करावं. व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका, ही विनंती.

चौथा रस्ता तारांचा. मोठा फ्लॅट, बंगला, दवाखाना, जिथे गच्चीवर एक मोठं आउटडोअर आणि खाली सात-आठ खोल्यांत इनडोअर, अशी व्हीआरएफ यंत्रणा असते, तिथे हाच रस्ता बरा. ही कल्पना डायकिननं १९८२मध्ये व्हीआरव्ही या नावानं बाजारात आणली. अशा यंत्रणेत इनडोअर आणि आउटडोअर आपापसांत एका तारेवर बोलतच असतात. आपण त्या तारेवर एक गेटवे बसवतो. गेटवे म्हणजे दुभाष्या. एका बाजूला एसीची भाषा, दुसऱ्या बाजूला मॉडबस किंवा केएनएक्स किंवा बॅकनेट. एकाच गेटवेतून सगळ्या खोल्या हाताळता येतात. खर्च हजारांत नाही, दहा हजारांच्या पटीत जातो. पण एकदा नीट बसला की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

मॉडबसबद्दल दोन शब्द, कारण साइटवर सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. ही भाषा १९७९ची आहे, कारखान्यांसाठी मॉडिकॉन कंपनीनं केलेली. ती बहुधा दोन तारांच्या आरएस ४८५ जोडणीवर चालते. या तारा एका युनिटवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अशा माळेसारख्या न्यायच्या. आपला वायरमन सवयीनं सगळ्या तारा डीबीपाशी आणतो, झाडाच्या फांद्यांसारख्या. दिव्यांना ते चालतं, इथे चालत नाही. सिग्नल फांदीच्या टोकाला आपटून परत येतो आणि गोंधळ करतो. माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावायचा. पीळ दिलेली, वरून जाळी असलेली केबल वापरायची. आणि ती २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पाइपमधून कधीही न्यायची नाही. एवढ्या चार गोष्टी पाळल्या की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

ज्यांचं घर अजून बांधून व्हायचं आहे, त्यांनी आता कान टवकारा. एसी आज घ्या किंवा दोन वर्षांनी घ्या, प्लास्टर व्हायच्या आधी दोन गोष्टी करून ठेवा. प्रत्येक इनडोअरच्या जागेपर्यंत, कॉपर पाइपच्या सोबतीनं पण वेगळ्या पाइपमधून, एक जाळीदार दोन तारांची केबल आणि एक नेटवर्कची केबल सोडा. आणि खोलीत माणसाच्या उंचीवर, ऊन आणि एसीचा झोत लागणार नाही अशा भिंतीवर, तापमानाच्या सेन्सरसाठी एक छोटा बॉक्स ठेवा. एसीचा स्वतःचा सेन्सर छताजवळ असतो, तिथली हवा जास्त गरम. पलंगावर किती गार आहे ते त्याला कळत नाही. प्लास्टरच्या आधी हे काम काही शेकड्यांत होतं. नंतर झिरी कापून, पुट्टी मारून, रंग देऊन करायचं तर काही हजार आणि घरभर धूळ.

इथपर्यंत तारांचं झालं. आता नियमांचं बोलू, म्हणजे एसीनं आपणहून केव्हा काय करायचं ते. माझ्या मते खरी जोखीम इथे आहे. एक प्रसंग सांगते.

गेल्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात मला एका घरातून फोन आला. आजी एकट्या राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा परदेशात. ऑटोमेशन दुसऱ्या कोणी बसवलेलं होतं आणि तांत्रिकदृष्ट्या नीटच बसवलेलं होतं. मुलानं तिकडून नियम लावले होते: एसी सव्वीस अंशांवर, आणि खोलीत वीस मिनिटं हालचाल दिसली नाही तर बंद. आईला बटणांचा त्रास नको म्हणून रिमोट कपाटात ठेवून दिलेला. मे महिन्यातली दुपार, बाहेर त्रेचाळीस. आजी जेवून पडल्या. पडलेलं माणूस हलत नाही. सेन्सर साधा, शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपणारा, त्याला खोली रिकामी वाटली. एसी बंद झाला. दोन-अडीच तासांनी शेजारच्या वहिनी ताक घेऊन आल्या तेव्हा आजी घामाघूम, ओठ सुकलेले, उठताना तोल जातोय. डॉक्टरांनी वेळेवर पाहिलं, सगळं निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. सगळं तपासलं. मग आजींना विचारलं, "आजी, एसी बंद झाला तेव्हा तुम्ही जाग्या होतात ना? मग हाक का नाही मारलीत, फोन का नाही केलात?"

त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं मुलानंच बंद केला असेल. बिल जास्त येत असेल. त्याला कशाला विचारायचं?"

मंडळी, हे वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. सेन्सरची चूक सेन्सर बदलून सुटते. पण ज्या यंत्राच्या मागे घरातलं माणूस आहे, त्या यंत्राची प्रत्येक कृती त्या माणसाची इच्छा म्हणून वाचली जाते. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो त्या वेळी झोपेत होता. नियम त्यानं काळजीपोटीच लावला होता. आणि आईनं तो काटकसरीचा हुकूम समजून मान्य केला होता. सुनेच्या, मुलाच्या, घरमालकाच्या अ‍ॅपवर चालणाऱ्या किती एसींखाली माणसं अशी गप्प बसत असतील, मला माहीत नाही. पण तेव्हापासून मी माझे काही नियम ठरवले आहेत. ते तुम्हाला देते.

एक. खोलीतल्या माणसाच्या हातात रिमोट असलाच पाहिजे, आणि त्या रिमोटचा शब्द शेवटचा. हातानं काही बदललं की ऑटोमेशननं निदान दोन-तीन तास गप्प बसायचं. आजींच्या घरी मी पलंगाच्या उशाशी एक मोठं बटण लावलं. दाबलं की एसी चालू, पंचवीस अंश. बाकी काही नाही. त्याला इंटरनेट लागत नाही, अ‍ॅप लागत नाही.

दोन. हालचाल दिसत नाही म्हणून झोपायच्या खोलीतला एसी बंद करायचा नाही. आता श्वासाची बारीक हालचाल टिपणारे रडार पद्धतीचे सेन्सर मिळतात, ते साध्या सेन्सरपेक्षा खूप बरे. पण म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारी माणसं असतील तर त्यांच्यावरही विसंबू नका. उलटा नियम लावा: खोली तीस अंशांच्या वर गेली आणि आत कोणी असण्याची शक्यता असेल, तर एसी चालू कर आणि घरच्यांना कळव. वय वाढलं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यांना स्वतःला उकाडा पुरता जाणवत नाही, म्हणून हे काम यंत्राला द्या. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे.

तीन. खिडकी किंवा बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर एसी थांबवायचा, हा नियम चांगला. दाराला छोटा चुंबकाचा सेन्सर लागतो. पण लगेच थांबवू नका. दोन-तीन मिनिटं वाट बघा, नाहीतर कपडे वाळत घालायला गेलेल्या माणसामागे एसी चालू-बंद होत राहील. आणि एकदा थांबला की कॉम्प्रेसरला त्याची तीन मिनिटं द्या.

चार. वीज गेली आणि आली, तर सगळे एसी एकदम सुरू होऊ देऊ नका. एकेक मिनिटाच्या अंतरानं सुरू करा. गुरुग्राम, नोएडा, बंगळुरू, जिथे सोसायटीचा जनरेटर चालतो, तिथे प्रत्येक फ्लॅटला ठरावीक भार मिळतो. तो ओलांडला की एमसीबी उडते आणि अख्खं घर अंधारात. जनरेटर चालू आहे हे कळवणारा एक रिले लावून घ्या आणि ऑटोमेशनला सांगा: आता फक्त एकच एसी, तोही ज्या खोलीत माणसं आहेत तिथला. माझ्या अनुभवात ग्राहक सगळ्यात खूश होतात ते याच एका नियमावर.

पाच. किनारपट्टीवर तापमान बघू नका, दमटपणा बघा. चेन्नई, मुंबई, गोवा इथे अठ्ठावीस अंशसुद्धा असह्य होतात ते हवेतल्या पाण्यामुळे. एसीचा जन्मच मुळी दमटपणावरचा उपाय म्हणून झाला. १९०२मध्ये विलिस कॅरिअरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, कारण दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगांची छपाई सरकायची. तुमच्या सेन्सरनं दमटपणा मोजला तर पावसाळ्यात ड्राय मोड आपोआप लावता येतो. इंदूर-नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात तो नियम बंद ठेवा, तिथे त्याचा उपयोग नाही.

सहा. पंखा आणि एसी एकत्र बांधा. बिलाच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी नियम हाच. एसी चालू झाला की छताचा पंखा हळू फिरू दे, आणि एसी सव्वीस-सत्तावीसवर ठेवा. साधा पंखा पाऊणशे वॉट घेतो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. एसीपुढे हे काहीच नाही.

आता बिलाचा विषय निघालाच आहे तर सरळ सांगते. आपल्याकडे १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलचे खोलीचे एसी कारखान्यातूनच चोवीस अंशांवर लावून येतात. तुम्ही ते बदलू शकता, पण सुरुवात तिथून होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. समजा तुमच्या खोलीत रात्रीचे आठ युनिट जळतात. चोवीसवरून सव्वीसवर गेलात तर जवळपास एक युनिट वाचलं. सात रुपये युनिट धरलं तर महिन्याला दोनशे रुपये. म्हणजे पन्नास हजारांची यंत्रणा केवळ बिल वाचवण्यासाठी बसवत असाल तर बसवू नका. तेच काम रिमोटवरचं एक बटण करतं. आणि जाळी धूळ खात पडली असेल तर कुठलंही ऑटोमेशन तिला धुऊन देणार नाही. ते फक्त पंधरा दिवसांनी आठवण करून देऊ शकतं. तेवढी मात्र जरूर लावून घ्या.

मग ऑटोमेशन कशासाठी? सोयीसाठी, आणि लक्ष ठेवण्यासाठी. कामावरून घरी पोचायच्या आधी खोली गार व्हावी. रात्री तीनला तापमान आपोआप दोन अंश वर जावं, म्हणजे पहाटे कुडकुडायला नको. एसी नेहमीइतकीच वीज घेतोय पण खोली गार होत नाही, म्हणजे गॅस कमी झाला असावा किंवा जाळी तुंबली असावी, हे आधी कळावं. आणि दूरच्या माणसाला घरातलं माणूस बरं आहे हे कळावं. ही कारणं मला पटतात.

शेवटी, काम देताना कंत्राटदाराशी काय बोलायचं ते सांगते. लिहून घ्या.

सगळी खाती तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर उघडायची. कंत्राटदाराच्या खात्यावर तुमचा एसी नको. काम संपलं की पासवर्ड तुम्ही बदलायचे. एसी कधी चालतो यावरून घरात कोण केव्हा असतं ते कळतं, म्हणून ही माहिती कपाटाच्या किल्लीसारखी जपा. कुठली केबल कुठून गेली, गेटवे कुठे आहे, कुठल्या युनिटला कुठला क्रमांक दिला, याचा एक कागद मागा आणि डीबीच्या दाराला आतून चिकटवा. पुढचा माणूस तुम्हाला दुवा देईल.

आणि पैसे पूर्ण देण्याआधी तीन परीक्षा घ्या. पहिली: इंटरनेटची वायर काढा. घरातली बटणं आणि नियम चालले पाहिजेत. दुसरी: ऑटोमेशनचा मुख्य डबाच बंद करा. मूळ रिमोटनं प्रत्येक एसी चालला पाहिजे. तिसरी: घरात सगळ्यात वयस्कर जे कोणी असतील, त्यांना खोलीत एकटं बसवा आणि सांगा, 'गरम होतंय, काय ते करा.' तुम्ही बाहेर थांबा. कोणालाही फोन न करता, कोणाची परवानगी न मागता, त्यांना एसी लावता आला तर काम पास. नाही आला, तर कितीही सुंदर अ‍ॅप असो, काम अजून बाकी आहे असं समजा.

आजींच्या मुलाला मी हेच फोनवर सांगितलं होतं. त्यानं विचारलं, "मग माझ्या अ‍ॅपमध्ये काय ठेवायचं?" मी म्हटलं, खोलीचं तापमान दिसू दे, एसी चालू आहे की बंद ते दिसू दे, आणि तापमान चढलं तर तुम्हाला सूचना येऊ दे. बंद करायचं बटण तेवढं काढून टाकते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काढा."

पुढच्या भागात आपण इन्व्हर्टर, बॅटरी आणि सोलर यांवर एसी चालवण्याचा हिशेब मांडू. तोवर जाळ्या धुऊन ठेवा, उन्हाळा लांब नाही.

नमस्कार.